संत मार्कच्या शुभवर्तमानाची अखेर

संत मार्ककृत शुभवर्तमानाच्या सोळाव्या अध्यायातील ९ ते २० ही वचने मूळ लेखकाची आहेत काय? चौथ्या शतकातील व्हॅटिकन व सिनाय या हस्तलिखितांत ग्रंथ आठव्या वचनाशी, कबरीपासून पळणाऱ्या भयभीत स्त्रियांपाशी, संपतो. उलटपक्षी, संत इरेनियस यांनी इ. स. १८० च्या सुमारास एकोणिसावे वचन मार्कचे म्हणूनच उद्धृत केले आहे. भाषाशैलीवरून बहुतेक अभ्यासक हा भाग दुसऱ्या हाताचा मानतात. तथापि लेखक कोण, हा प्रश्न वेगळा. वचन प्रमाण आहे की नाही, हा वेगळा. त्रेंत परिषदेने १५४६ साली शास्त्रग्रंथ सर्व भागांसह प्रमाण ठरविले. म्हणून ही वचने आम्ही देवशब्द म्हणूनच स्वीकारतो.

त्यातील सोळावे वचन तारणासाठी विश्वास व स्नानसंस्कार दोन्ही सांगते. दंड मात्र केवळ अविश्वासाला सांगते. हा भेद मोलाचा आहे. ३९२ साली तरुण सम्राट दुसरा व्हॅलेंटिनियन स्नानसंस्काराची इच्छा बाळगून, पण तो न लाभताच मृत्यू पावला. त्याच्या शोकाकुल बहिणींना मिलानचे बिशप संत अँब्रोज यांनी धीर दिला, की ज्या कृपेची त्याने याचना केली ती त्याला लाभली आहे. तेव्हा स्नानसंस्काराची हेळसांड आपण करू नये. आणि त्यावाचून गेलेल्या आप्तांविषयी आशाही सोडू नये.