तीन वाजून चार मिनिटं

७ डिसेंबर १९८२, मंगळवार. न्यूयॉर्कमध्ये दुपारी ३ वाजून ४ मिनिटांनी वॉर्नर कम्युनिकेशन्सने एक निवेदन काढलं आणि अमेरिकेतला घरगुती व्हिडिओ गेमचा भरभराटीचा धंदा कोसळायला लागला. या धंद्यातली सर्वांत मोठी कंपनी अटारी ही वॉर्नरच्याच मालकीची होती. पुढे या पडझडीचं खापर 'ई.टी.' नावाच्या एका खेळावर आणि त्याचा प्रोग्राम लिहिणाऱ्या हॉवर्ड स्कॉट वॉरशॉ या तरुणावर फुटलं. घटना वेळेच्या क्रमाने लावून पाहिल्या तर हा आरोप टिकत नाही.

१४ महिने आधी : ऑक्टोबर १९८१
अटारीचा माल बाजारात पुरत नाही. कंपनी घाऊक वितरकांना सांगते, १९८२ या अख्ख्या वर्षाच्या ऑर्डरी आत्ताच नोंदवा. मागितलं तेवढं कधीच हाती पडत नाही, हे वितरकांना अनुभवाने ठाऊक आहे. म्हणून ते गरजेपेक्षा जास्त नोंदवतात. कागदावर मागणी फुगते आणि अटारी ती खरी धरून चालते.

९ महिने आधी : मार्च १९८२
अटारी २६०० या कन्सोलसाठी 'पॅक-मॅन' बाजारात येतो. सुमारे १ कोटी २० लाख कार्ट्रिज तयार केल्याचं सांगितलं जातं. इतके कन्सोलसुद्धा तेव्हा लोकांच्या घरात नव्हते. लुकलुकणारी भुतं पाहून खेळणारे नाराज होतात, तरी सुमारे ७० लाख प्रती खपतात. खेळ कसाही असो, नाव मोठं असलं की माल जातो, असा समज वरच्या मजल्यावर पक्का होतो.

१७९ दिवस आधी : ११ जून १९८२
स्टीव्हन स्पीलबर्गचा 'ई.टी.' अमेरिकेत प्रदर्शित होतो आणि थिएटरं भरून जातात. वॉर्नरचे प्रमुख स्टीव्ह रॉस खेळाच्या हक्कांसाठी बोलणी सुरू करतात. सौदा २ ते २.५ कोटी डॉलरचा झाल्याच्या बातम्या येतात. अटारीचे प्रमुख रे कसार यांना मुळात ही कल्पनाच पटलेली नाही. पण सौदा वरून ठरून आलेला आहे.

१३३ दिवस आधी : २७ जुलै, मंगळवार
कसार यांचा फोन वॉरशॉला येतो. 'ई.टी.'चा खेळ हवा आहे, १ सप्टेंबरपर्यंत. ही तारीख खेळाकडे पाहून ठरलेली नाही. नाताळात दुकानांत माल हवा, त्याआधी कार्ट्रिज भरून व्हायला हवीत, त्याआधी चिप बनायला हव्यात, असं मागे मोजत आल्यावर जे उरलं ते प्रोग्रामरच्या वाट्याला आलं. वॉरशॉला 'यार्स रिव्हेंज'साठी चार-पाच महिने लागले होते, 'रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क'साठी सहा-सात. इथे मिळतात जेमतेम पाच आठवडे. तो आव्हान स्वीकारतो. खेळाचा आराखडा करायला हातात ३६ तास आहेत.

१३१ दिवस आधी : २९ जुलै, सकाळी ८
सॅन होझेच्या विमानतळावर खासगी जेट तयार आहे. लॉस एंजेलिसला वॉरशॉ स्पीलबर्गसमोर आराखडा मांडतो. सहा पृष्ठभागांचं जग, जमिनीतले खड्डे, त्यांत विखुरलेले फोनचे तीन भाग, ते शोधून घरी संदेश धाडणारा ई.टी. आणि त्याच्या मागावरची माणसं. पॅक-मॅनसारखं काहीतरी करता येणार नाही का, असं स्पीलबर्ग विचारतो. वॉरशॉ आपल्या कल्पनेवर ठाम राहतो आणि होकार घेऊनच परततो. घाईतही नक्कल न करण्याची त्याची ही जिद्द मला मोलाची वाटते.

ऑगस्ट : रात्रंदिवस
काम थांबू नये म्हणून प्रोग्रामिंगची यंत्रणा वॉरशॉच्या घरीही बसवली जाते. चित्रांचं काम जेरोम डोमुरॅट करतो. कन्सोलची स्मृती १२८ बाइट, म्हणजे इंग्रजीतली १२८ अक्षरं मावतील एवढी. कार्ट्रिज ८ किलोबाइटचं. एवढ्या जागेत पाच आठवड्यांत अख्खं जग उभं राहतं, हे कसबाचंच काम आहे.

याच घाईत खेळाला घातक ठरलेला दोष राहून जातो. ई.टी.च्या आकृतीचा कुठलाही भाग खड्ड्याच्या चित्राला टेकला की तो खाली पडतो. पाय काठावर असले आणि नुसतं डोकं लागलं, तरी पडतो. मान ताणून, तरंगत वर यावं, तर काठावर पुन्हा तेच. आपलं काय चुकलं हे खेळणाऱ्या मुलाला कळतच नाही. बाहेरच्या चार मुलांच्या हाती हा खेळ दिला असता, तर ही गोष्ट पहिल्याच दिवशी उघड झाली असती.

९७ दिवस आधी : १ सप्टेंबर
खेळ वेळेत पूर्ण होतो. ग्राहकांकडून खेळवून पाहण्याची पायरी वेळेअभावी आधीच गाळलेली आहे. प्रोग्राम आता चिपमध्ये कायमचा कोरला जाणार आणि त्यानंतर त्यात एक ठिपकाही बदलता येणार नाही. सुमारे ४० लाख कार्ट्रिज तयार होतात.

पुढचे तीन महिने
नव्या कंपन्या खेळांचे ढीग बाजारात ओततात. दुकानदारांच्या फळ्या भरतात. आता मागितलं तेवढं सगळं मिळतंय, हे लक्षात येताच वितरक वर्षापूर्वीच्या फुगीर ऑर्डरी रद्द करू लागतात.

२३ मिनिटं आधी : ७ डिसेंबर, दुपारी २:४१
कसार यांचे वॉर्नरचे ५,००० शेअर विकले जातात. पुढे शेअर बाजाराच्या नियामकाने या व्यवहारावर आक्षेप घेतला. कसार यांनी दोष मान्य किंवा अमान्य न करता नफा परत केला.

शून्य : दुपारी ३:०४
वॉर्नर जाहीर करते की, शेवटच्या तिमाहीत नफ्यातली वाढ ५० टक्के नव्हे, १० ते १५ टक्केच असेल. दुसऱ्या दिवशी शेअर जवळजवळ एक तृतीयांशाने आपटतो.

नाताळला तेव्हा १८ दिवस बाकी होते. भेट म्हणून घेतलेली 'ई.टी.'ची कार्ट्रिज मुलांनी उघडलेलीही नव्हती. मुलांची निराशा, परत येणारा माल, हे सगळं पुढचं. म्हणजे घसरण या खेळाने सुरू केली नाही. फुगीर आकड्यांवर विसंबण्याच्या ज्या सवयीने ऑर्डरी बुडवल्या, त्याच सवयीने हा खेळही पाच आठवड्यांत मागितला होता.

त्यानंतर
'ई.टी.'च्या सुमारे १५ लाख प्रती खपल्या, उरलेला माल अंगावर पडला. सप्टेंबर १९८३मध्ये न खपलेल्या मालाचे ट्रक न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डोच्या कचराभूमीत रिकामे झाले आणि वर काँक्रीट ओतलं गेलं. २६ एप्रिल २०१४ रोजी ती जागा उकरली, तेव्हा 'ई.टी.'बरोबर अटारीचे इतर कितीतरी खेळही निघाले. १९८३मध्ये अटारीचा तोटा ५० कोटी डॉलरच्या पुढे गेला. अमेरिकेतली घरगुती खेळांची विक्री ३.२ अब्ज डॉलरवरून १९८५पर्यंत १० कोटींवर आली.

कित्येक वर्षांनी हौशी प्रोग्रामरांनी मूळ प्रोग्राम उघडून थोड्या बदलांत तो खड्ड्यांचा दोष दूर केला. खेळ दुरुस्त होण्याजोगा होता, दुरुस्तीला वेळ ठेवला नव्हता. ज्यांनी तारीख आधी ठरवली आणि खेळ नंतर मागवला, त्यांच्या हाती १४ महिने होते. वॉरशॉच्या हाती होते ३६ दिवस. दोष वाटायचाच असेल, तर तो याच प्रमाणात वाटायला हवा.