भेंड, रुमाल आणि मायक्रॉन

ठाणे-बेलापूर पट्ट्यात, रबाळे-महापे भागातल्या वर्कशॉपांत मिलिंग मशीनच्या बाजूला अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीत एक काच दडलेली असते. कामगार तिला नुसतेच ‘स्केल’ म्हणतात. टेबल सरकले की डीआरओवर आकडे पळतात. त्या काचेवर सहसा मिलिमीटरला 50 रेषा असतात. म्हणजे दोन रेषांत 20 मायक्रॉन अंतर. तिची वंशावळ शोधत मी गेलो, तो थेट एका रेशमी रुमालापाशी पोहोचलो.

अमेरिकी स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्या फ्रान्सिस हॉपकिन्सनने रुमालातून रस्त्यावरचा दिवा पाहिला. रुमाल हलवला तरी दिसणारे पट्टे हलेनात. हे कोडे त्याने डेव्हिड रिटनहाउसला घातले. 1785 मध्ये रिटनहाउसने दोन बारीक स्क्रूंच्या आट्यांवर केस ताणून विवर्तन जाळी केली.

पुढच्या जाळ्या प्रकाशाचे रंग सुटे करण्यासाठी झाल्या. मापाचे बीज रेलीच्या 1874 च्या निरीक्षणात आहे. दोन जाळ्या एकमेकींवर ठेवल्या की रुंद पट्टे उमटतात. लोकलच्या खिडकीतून एकामागचे दोन कठडे पाहताना धावतात, तसेच. 20 मायक्रॉनच्या दोन जाळ्या अर्ध्या अंशाने तिरक्या ठेवा. पट्टा दोन मिलिमीटरहून रुंद होतो. जाळी एक रेघ सरकली की पट्टा आपल्या पूर्ण रुंदीइतका सरकतो. रेलीला यातून फक्त जाळ्यांचे दोष तपासायचे होते.

बाल्टिमोरच्या रोलंडने 1882 मध्ये जवळजवळ निर्दोष स्क्रू घडवून इंचाला 14 हजारांवर रेषा आखल्या. मला मात्र इंग्रज टॉमस मर्टन अधिक मोठा वाटतो. स्क्रू सदोष असणारच, हे त्याने गृहीत धरले आणि नटाला आतून भेंडाचे अस्तर लावले. आपल्याकडे बाशिंगे ज्याची करतात तसाच मऊ गर! तो एकाच वेळी अनेक आट्यांना टेकतो, त्यामुळे एकाची चूक दुसऱ्यात मुरते. अशा जाळ्यांच्या स्वस्त प्रती निघू लागल्या आणि 1950 च्या दशकात एडिंबरोच्या फेरांटी कंपनीने त्या यंत्रांच्या नियंत्रणासाठी वापरल्या.

डीआरओचा वाचक-डोळाही शेकडो रेषा एकदम पाहतो; एखादी वाकडी असली तरी बिघडत नाही. शिवाय स्केल टेबलालाच जोडलेले असते, त्यामुळे झिजलेल्या स्क्रूचा बॅकलॅश मापात शिरत नाही. मात्र काचेवर कूलंट गेले की आकडे उड्या मारू लागतात. मग जुना ऑपरेटर हँडलच्या डायलकडे वळतो, थोडे मागे जाऊन पुन्हा त्याच बाजूने येतो, आणि जॉब पुरा करतो.