खानावळ, इरकल आणि बसवरची पाटी

मंडळी, आपल्या बेळगावकडच्या घरांत इरकल लुगडं म्हणजे आजीचं, आणि आजीचं म्हणजे अर्थातच मराठी, असं आपण सगळे धरून चालतो. लुगडं विणलं जातं इलकलला आणि त्यावरचा खण गुळेदगुड्डला. दोन्ही गावं आज बागलकोट जिल्ह्यात आहेत. माझ्या नोकरीच्या दिवसांत तो सगळा विजापूर जिल्हा होता. त्याआधी, म्हणजे 1 नोव्हेंबर 1956 पर्यंत, बेळगाव, धारवाड, विजापूर, कारवार हे चारही जिल्हे मुंबईकडे होते. सीमाप्रश्नावर माझं मत काय, ते तुम्हाला ठाऊक आहे, ते काही बदललेलं नाही. आज लिहायचं आहे ते रस्त्यावरचं खाणं, बाजार आणि त्या ओघात पदरात पडलेल्या एका भाषेबद्दल.

1969 साली चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं आणि खेडोपाडी शाखा निघू लागल्या. त्या लाटेत माझ्यासारखे बी.कॉम. झालेले पुष्कळ पोरगे चिकटले. पुढे माझ्याकडे कर्जाच्या पाहणीचं काम आलं. 1972 मध्ये चार टक्के व्याजाची योजना सुरू झाली होती, त्यात विणकर, चांभार, छोटे धंदेवाले असत. म्हणजे महिन्यातले निम्मे दिवस लाल बसमध्ये.

बसवरची पाटी कन्नडमध्ये. मी शहरातला, कन्नड ऐकून थोडं कळायचं, अक्षर मात्र एक ओळखत नव्हतो. दर वेळी कंडक्टरला विचारायचं आणि त्यानं वैतागून हात हलवायचा. मग मी उलटीकडून सुरुवात केली. गाडी कुठं जाते ते आधी विचारून घ्यायचं आणि मग पाटी बघायची. 'गोकाक'मध्ये ग आणि दोनदा क. 'कागवाड'मध्ये तेच दोन, वर व आणि ड नवे. अशा आठ-दहा गावांत निम्मी बाराखडी झाली. बाकीची बसस्टँडवरच्या 'तीस दिवसांत शिका' छापाच्या पुस्तिकेनं केली. मला तीस दिवस नाही, दोन वर्षं लागली.

बोलणं मात्र खानावळीत शिकलो. पाटी वाचता यायला लागली तेव्हा पहिली गंमत तीच वाटली, की ते खानावळीला खानावळीच म्हणतात. झुणका झुणकाच, चटणी चटणीच. ज्वारीची पातळ कडक भाकरी ती रोट्टी, भरली वांगी ती एण्णेगायी, सोबत शेंगाचटणी, दही आणि कच्चा कांदा. वाढणारी अव्वा दोन घास झाले की विचारायची, "इन्नोंद रोट्टी हाकलेन्री?" अजून एक वाढू का, एवढंच. तो शेवटचा 'री' आपल्या 'हो', 'बरं का' सारखा, आदराचा. पुस्तिकेत तो नव्हता. 'साकु' म्हणजे पुरे, हा शब्द मी सगळ्यांत आधी शिकलो, आणि तो म्हटला तरी ती एक वाढायचीच.

घरी हे फारसं रुचलं नाही. आमच्या गल्लीत 1 नोव्हेंबरला काळा दिवस पाळत, आणि मी गच्चीवर बसून कन्नड पेपर जुळवून वाचायचो. एक दिवस काकांनी विचारलं, "बँकेनं पगार दिला म्हणून लिपीपण घेतलीस काय रे?"

काकांना मी इलकलचं सांगितलं. इरकलीचा पदर रेशमी ताण्याचा आणि अंग बहुधा सुती. हे दोन ताणे धाग्याला धागा फास घालून जोडतात, त्याला तिकडे 'तोपी तेणी' म्हणतात. त्यामुळे एकच लांब ताणा चढवून दहा लुगडी काढता येत नाहीत, प्रत्येक लुगड्याला नवा ताणा जोडावा लागतो. वेळ जातो, सूत-रेशीम आधी विकत घ्यावं लागतं, आणि ते उधारीवर देणारा सावकार तयारच असतो. विणकराचा बँकेतला अर्जही पुष्कळदा तोच लिहून द्यायचा. विणकर कन्नडमध्ये सही करणार, आणि साहेबाला वर काय लिहिलंय ते वाचता येत नाही. मग कर्ज कुणाला दिलं? काका काही बोलले नाहीत. पण पुढच्या फेरीच्या वेळी त्यांनी काकूसाठी हिरवी नऊवारी सांगितली, लाल पदराची. ती आली तेव्हा सोबतचं कन्नड बिल त्यांनी माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. किंमत बघायला असेल कदाचित.

चपलांचंही तसंच. कोल्हापुरी म्हणतो आपण, पण निपाणी आणि अथणीकडे ती पिढ्यान्‌पिढ्या बनते. 2019 मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं ते आठ जिल्ह्यांना मिळून: महाराष्ट्राचे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकाचे बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. सरकारी कागदावर दोन्ही राज्यं अशी एका ओळीत क्वचितच दिसतात, म्हणून मुद्दाम नावं दिली.

इंदूर-बडोद्याकडची आपली मंडळी हल्ली गाडीनं गोव्याला जाताना निपाणीवरून जातात आणि हायवेवरच्या एसी हॉटेलात पनीर खातात. पनीर काय, तुमच्याकडेही मिळतं. थोडं आत वळा, जिथं भाकरी थापल्याचा आवाज येतो तिथं बसा. चप्पल घ्यायची तर उलटी करून बघा: खिळा नको, शिवण चामड्याच्याच वादीची हवी. आणि घासाघीस करायचीच असेल तर 'एष्टु' एवढं तरी पाठ करून जा. म्हणजे किती. पुढचं तो मराठीतच बोलेल.