दोन आयांचा पिंजरा

उंदराची मादी व्यायला आली की तिला वेगळी काढायची, की सोबतिणीबरोबरच राहू द्यायची, हा प्राणिगृहातला जुना वाद आहे. मी मूळची पेडण्याची. माझी उभी नोकरी पणजीतल्या एका कॉलेजच्या प्राणिगृहात झाली आणि हे काम मला शिकवलं ते माझ्या मामांनी. मामा मुंबईला परळच्या हाफकिन संस्थेत जनावरांकडे कामाला होते. चतुर्थीला गावी आले की गणपतीच्या पायाशी बसलेल्या उंदराला आधी हात जोडायचे. लस, सीरम, औषधं यांचा इतिहास भरपूर लिहिला गेला आहे. ती ज्यांच्या जिवावर उभी राहिली त्या जनावरांना कोणी जगवलं, कसं जगवलं, हे मात्र कुठे फारसं सापडत नाही. म्हणून मला ठाऊक आहे तेवढं लिहिते.

सुरुवात प्लेगापासून करावी लागते. सप्टेंबर 1896 मध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेग ओळखला तो डॉ. अकासिओ व्हिएगश यांनी. ते बार्देशातल्या हडफड्याचे, म्हणजे आमच्या शेजारच्याच तालुक्यातले. त्यानंतर महिनाभरात वाल्डेमार हाफकिन मुंबईत आले, आणि 10 जानेवारी 1897 रोजी आपण तयार केलेली लस त्यांनी प्रथम स्वतःला टोचून घेतली. 1899 च्या ऑगस्टमध्ये त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली. तीच पुढे 1925 साली हाफकिन इन्स्टिट्यूट झाली. मधल्या काळात, 1898 साली, पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरनं कराचीत प्लेगचा उंदीर आणि निरोगी उंदीर एकाच भांड्यात, पण मध्ये जाळी ठेवून, बंद केले. एकमेकांना शिवता येत नव्हतं, तरी निरोगी उंदीर काही दिवसांत मेला. रोग पिसवा नेतात असं सिमों म्हणाले. त्यावर विश्वास ठेवायला लोकांना बरीच वर्षं लागली.

ही शंका निकालात काढली ती 1905 साली कामाला लागलेल्या प्लेग आयोगानं, आणि तीही परळला. त्यांनी सहा लहान खोल्या बांधल्या. दोन खोल्यांवर आपल्याकडे असतात तशी साधी देशी कौलं, दोन खोल्यांवर सपाट मंगळुरी कौलं आणि दोन खोल्यांवर पत्रा. देशी कौलांखाली उंदीर मनसोक्त राहतो, मंगळुरी कौलांत कमी आणि पत्र्यात त्याला जागाच नाही. पेडण्या-डिचोलीतल्या कोणत्याही जुन्या घराच्या माणसाला हे सांगायची गरज नाही. रात्री कौलं कोण सरकवतं ते आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. खोलीत गिनीपिग ठेवले आणि मध्ये जाळी मारली, म्हणजे उंदीर खाली येणार नाही, पण त्याची पिसू खाली पडेल. देशी कौलांखालचे गिनीपिग प्लेगनं मेले, मंगळुरी कौलांखालचे त्याहून कमी, पत्र्याखालचे वाचले.

या आयोगाच्या निष्कर्षांतलं एक वाक्य मला आजही थांबवतं. पिसवा दूर ठेवल्या तर आजारी आणि निरोगी जनावरं कितीही जवळ राहिली तरी रोग पसरत नाही, आणि प्लेग झालेल्या आईचं दूध पिणाऱ्या पिल्लांनाही तिच्याकडून रोग होत नाही. अहवालात ही एक ओळ आहे. ती लिहिता यावी म्हणून कोणीतरी मरायला टेकलेल्या आईखालची पिल्लं रोज तपासली असतील, पोटात दूध आहे की नाही ते पाहिलं असेल, खोली न झाडता तशीच ठेवली असेल. त्या माणसाचं नाव अहवालात नाही.

तेव्हाचे उंदीर शहरातून पकडून आणलेले असत: घरांच्या छपरातला काळा आणि गटारातला मोठा तपकिरी. आज प्रयोगशाळेत दिसतो तो पांढरा उंदीर या तपकिऱ्याचाच वंशज. फिलाडेल्फियाच्या विस्टार इन्स्टिट्यूटमध्ये 1906 पासून त्याची पद्धतशीर पैदास सुरू झाली. हेलन डीन किंग या बाईंनी 1909 पासून पिढ्यान्‌पिढ्या सख्ख्या भावंडांत जुळणी करून एकसारखे उंदीर तयार केले. आपल्याकडे कुन्नूरला रॉबर्ट मॅकॅरिसन यांनी उंदरांच्या गटांना शीख, पठाण, मराठा, गुरखा, कानडी, बंगाली, मद्रासी असं वेगवेगळं जेवण देऊन कोण कसा वाढतो ते पाहिलं. मराठा जेवणावरचे उंदीर वजनात तिसरे आले. तीच प्रयोगशाळा पुढे हैदराबादला गेली आणि राष्ट्रीय पोषण संस्था झाली. मॅकॅरिसन आहारासाठी प्रसिद्ध आहेत. पण मोकळी हवा, स्वच्छता आणि ऊन यांवरही ते भर देत, आणि आम्हां पिंजरेवाल्यांना ते जास्त पटतं.

आता त्या जुन्या वादाकडे येते. उंदरीण एकवीस ते तेवीस दिवस गाभण असते. पिल्लू जन्मतं ते उघडं, लालबुंद, डोळे-कान मिटलेलं, वजनानं जेमतेम पाच-सहा ग्रॅम. कातडी इतकी पातळ असते की प्यायलेलं दूध पोटात पांढऱ्या पट्ट्यासारखं बाहेरून दिसतं. मामांनी मला पहिलं शिकवलं ते हा पट्टा बघायला. सकाळी बाकी काही न करता झाकण उचलायचं, पट्टा पाहायचा, झाकण ठेवायचं. पट्टा नाही ते पिल्लू दुपारपर्यंत गार पडतं. उचलावंच लागलं तर आधी त्याच पिंजऱ्यातला तूस हातांवर चोळायचा, म्हणजे साबणाचा किंवा दुसऱ्या मादीचा वास लागत नाही.

दोन माद्या एकत्र व्यायल्या तर त्या घरटी वेगळी ठेवत नाहीत. सगळी पिल्लं एका ढिगात ओढून आणतात आणि जी बसेल ती सगळ्यांना पाजते. एक खायला उठली की दुसरी पांघरूण. मादीला सड बारा असतात, पिल्लं कधी आठ तर कधी चौदा; एकीला भारी पडलेलं वेत दुसरी सावरते. आपल्या एकत्र कुटुंबात धाकट्या जावेचं मूल थोरलीनं पदराखाली घ्यावं, तसंच हे. पण त्याला एक अट आहे, आणि परळला ती कागदावर येण्याआधीच पाळली जात होती: दोघींचं व्याणं दोन-तीन दिवसांच्या आत झालं पाहिजे. एकीची पिल्लं पंधरवड्याची, डोळे उघडलेली, धावणारी असतील आणि दुसरी तेव्हा व्याली, तर मोठी पिल्लं सड सोडत नाहीत. नवी पिल्लं त्यांच्या पायांखाली उपाशी मरतात, आणि आई वाईट म्हणून शेरा मात्र मादीच्या कार्डावर पडतो. 1990 साली शिकागोच्या संशोधकांनी हेच मोजून सिद्ध केलं, मार्था मॅक्लिंटॉक त्यांच्यापैकी एक. आधी व्यालेलीची मोठी पिल्लं असताना जन्मलेली वेतं फार मरतात आणि एका वेळी जन्मलेली एकमेकांच्या आधारानं वाढतात.

त्यामुळे आमच्याकडे लहानपणापासून एकत्र वाढलेल्या बहिणीच जोडीला घेत. व्यायच्या आधी नर काढायचा, कारण मादी व्याल्यावर चोवीस तासांच्या आत पुन्हा माजावर येते आणि नर असेल तर लगेच गाभण राहते. मग काही आठवड्यांनी पुन्हा तोच लहान-मोठ्यांचा घोळ. गवत, कागदाच्या पट्ट्या भरपूर घालायच्या. आणि एकदा पिल्लं एकत्र झाली की वेगळी करायचा प्रयत्न करायचा नाही. कोण कोणाचं हे आयाही विचारत नाहीत. ज्या प्रयोगात आई-पिल्लू नातं नेमकं हवं, तिथे सरळ एकेकटीच ठेवावी. बाकी सगळीकडे जोडीच चांगली, असं माझं ठाम मत आहे. रटगर्सच्या जे. एस. रोझेनब्लाट यांनी 1967 साली दाखवलं होतं की कधीच न व्यालेली मादीसुद्धा काही दिवस पिल्लांच्या सहवासात राहिली की त्यांना चाटू लागते, ओढून घरट्यात आणते. म्हणून आई मेलेली पिल्लं टाकून द्यायची नसतात. दुसऱ्या व्यालेल्या मादीच्या घरट्यातला तूस त्यांच्यावर चोळून, तिच्या पिल्लांच्या खाली सरकवायची.

गोव्यात हे काम मुंबईपेक्षा अवघड, पावसामुळे. आमचा तूस डिचोलीच्या भातगिरणीतून पोत्यांनी येई आणि मे महिन्यात गच्चीवर वाळवून पत्र्याच्या डब्यांत भरावा लागे. जुलैत तो ओला झाला की बुरशी धरते, मुताचा अमोनिया डोळ्यांत चढतो आणि उघडी पिल्लं गारठतात. लाकडी पेट्या गेल्या, प्लॅस्टिकचे पिंजरे आले, ‘गोल्ड मोहर’ आणि ‘अमृत’चं गोळीखाद्य आलं. दमट हवा मात्र तीच राहिली. अशा दिवसांत जोडीचा पिंजरा हात लावला की उबदार लागे आणि एकटीचा गार.

प्राण्यांवरील क्रूरता रोखणारा कायदा 1960 चा, पैदास आणि प्रयोगांवर देखरेखीचे नियम 1998 चे. त्यानंतर जनावरांची नोंद सक्तीची झाली आणि ते योग्यच झालं. पण त्याआधीच्या, शाईनं लिहिलेल्या वह्या कोणी जपल्या नाहीत. कोणत्या दिवशी कोण व्याली, किती जगली, कोणाखाली कोणाची पिल्लं घातली, हे सगळं त्यांत होतं आणि शेवटी ती वही भरणाऱ्याची सही. पेडणे, डिचोली, सावंतवाडी किंवा रत्नागिरीहून परळला जाऊन कोणाच्या आजोबा-मामांनी अशी नोकरी केली असेल, आणि घरच्या ट्रंकेत तशी वही, पगाराचं पुस्तक, फोटो राहिला असेल, तर तो रद्दीत घालू नका. जवळच्या वाचनालयात किंवा त्या संस्थेकडे द्या आणि वर त्या माणसाचं पूर्ण नाव लिहा.