कँटनचा अफूवाला दंडक

मुंबईत भायखळ्याला 1845 साली सुरू झालेल्या सर जमशेटजी जीजीभाई रुग्णालयात ज्यांना गुण आला, त्यांतल्या फार थोड्यांना ठाऊक असेल, की त्या दानशूर शेठजींच्या संपत्तीचा मोठा वाटा चीनच्या व्यापारातला होता आणि त्या व्यापारात कापसाच्या गाठींबरोबर माळव्याच्या अफूच्या पेट्याही होत्या. दात्याला नावे ठेवण्यासाठी हे सांगत नाही. पण अफूचे पाप कोणाच्या माथी मारावे, विकणाऱ्याच्या की ओढणाऱ्याच्या, हा वाद चिनी दरबारात एकदा चांगलाच पेटला होता.

1836 साली एका अधिकाऱ्याने सुचविले, की अफूवर जकात बसवून ती सरळ कायदेशीर करावी. दोन वर्षांनी दुसऱ्याने नेमके उलट मांडले : ओढणाऱ्यांना एक वर्षाची मुदत द्यावी आणि त्यानंतर देहदंड! बादशहाने प्रांतोप्रांतीच्या सुभेदारांना मत विचारले. बहुतेकांना ही शिक्षा पटली नाही. चोरटा व्यापार करणारे धरा, व्यसनी माणूस मारून काय साधणार, असा त्यांचा सूर. शिवाय असा कायदा हाती आला, की खालचे शिपाई-कारकून शेजाऱ्यापाजाऱ्यांना लुबाडणार, ही धास्तीही होतीच. (ही धास्ती केवळ चीनपुरती नव्हे, हे वाचक जाणतातच.)

देहदंडाच्या बाजूने जे थोडे उभे राहिले, त्यांत लिन त्से-शू हा एक. हा गृहस्थ क्रूर म्हणावा, तर त्याने आपल्या अर्जासोबत व्यसन सोडविण्याच्या औषधांचे पाठ जोडले होते! त्याचे म्हणणे असे, की जरब बसल्याशिवाय मन वळत नाही. फास दाखवायचा तो माणूस वाचविण्यासाठी. 1839च्या कायद्यात मुदत दीड वर्षाची झाली, पण देहदंड राहिला.

त्याच वर्षी लिन कँटनला आला. परदेशी व्यापाऱ्यांना त्याने त्यांच्या वखारींतच सहा आठवडे कोंडून ठेवले आणि 20,283 पेट्या वसूल केल्या. हुमेनला किनाऱ्यालगत चर खणून, मीठ आणि चुना घालून ती अफू विरवली आणि ओहोटीबरोबर समुद्रात सोडली. हे काम तीन आठवडे चालले होते. आरंभापूर्वी त्याने समुद्रदेवतेची क्षमा मागितली आणि जलचरांना काही काळ दूर ने, अशी विनंती केली. माशांची एवढी काळजी वाहणारा माणूस माणसांच्या बाबतीत इतका कठोर कसा, याचे कोडे मला अजून उलगडलेले नाही.

इंग्लंडने उत्तरादाखल आरमार धाडले. तरुण ग्लॅडस्टनने 1840 साली पार्लमेंटात या युद्धाचा कडक धिक्कार केला. सरकार अवघ्या 9 मतांनी तरले. पुढे हरणाऱ्या बादशहाने दोष लिनवरच टाकला आणि त्याला दूर पश्चिमेला इलीच्या सरहद्दीवर हद्दपार केले.

आज तोच लिन चीनचा राष्ट्रपुरुष आहे. न्यूयॉर्कच्या चिनी वस्तीतही 1997 साली त्याचा पुतळा उभा राहिला. लोकांच्या ध्यानात राहिले ते हुमेनचे चर. दीड वर्षाच्या मुदतीनंतर ज्यांच्या मानेवर तलवार टांगलेली होती, त्या ओढणाऱ्यांची आठवण मात्र क्वचितच कोणी काढतो.