माल्कम पेठ
सातारा जिल्ह्यातील ब्रिटिशकालीन थंड हवेचे ठाणे. आजचे महाबळेश्वर शहर. उंची सुमारे १,३७० मी. कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री व गायत्री यांच्या उगमाचे क्षेत्र महाबळेश्वर याहून फार जुने असून काही किलोमीटरांवर आहे. लॉडविक हा लष्करी अधिकारी १८२४ मध्ये या पठारावर चढला. मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी येथे आरोग्यधाम वसविण्याचे ठरविले. १८२९ च्या करारानुसार साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह यांनी हा प्रदेश इंग्रजांना दिला व मोबदल्यात वाईजवळील खंडाळा गाव घेतले. नव्या पेठेला गव्हर्नरांचे नाव मिळाले.

पेठेच्या जडणघडणीत चिनी व मलायी कैद्यांचा वाटा मोठा होता. १८३४ च्या सुमारास त्यांच्यासाठी येथे तुरुंग उघडला. त्यांनी रस्त्यांची कामे केली, बटाटे व विलायती भाज्या पिकवल्या, टोपल्या विणल्या. तुरुंग १८६४ मध्ये बंद झाला. वेण्णा तलाव छत्रपती शहाजी ऊर्फ आप्पासाहेब यांनी १८४२ मध्ये बांधविला. त्यामुळे बागायतीला पाणी मिळाले. मुसळधार पावसाळ्यात मात्र इंग्रजांची वस्ती रिकामी होई.