तांड्याची पुंजी

रामनवमीला पोहरादेवीची यात्रा आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल. कोणी दुकानही लावले असेल. मानोरा तालुक्यातील या गावी संत सेवालाल महाराजांची समाधी आहे. बंजारा समाज याला आपली काशी मानतो.

या समाजाची दौलत एकेकाळी बैलांत होती. मोगल अमदानीत आलेला फ्रेंच व्यापारी ताव्हर्निये दहा-बारा हजार बैलांच्या तांड्यांचे वर्णन करतो. धान्य, मीठ, बादशाही फौजांची रसद, सारे त्यांच्याच बैलांवर! पुढे १८५३ साली मुंबई-ठाणे आगगाडी धावली, १८६७ साली रूळ नागपुरास पोहोचले, आणि मीठ डब्यांतून जाऊ लागले. मेहनती माणसांची पुंजी बसली, कारण ती सगळी एकाच कामात गुंतलेली होती. त्यात १८७१ च्या कायद्याने काही प्रांतांत त्यांच्यावर गुन्हेगारीचा शिक्का मारला.

याच समाजातले, शेजारच्या पुसद तालुक्यातील गहुलीचे वसंतराव नाईक नागपुरास कायदा शिकले आणि १९६३ ते १९७५ राज्याचे मुख्यमंत्री राहिले.

आपल्या घरांत पुंजी कुठे असते? सोन्यात, एखाद्या वावरात. उरलेली लग्नात जाते. मी वर्गात विचारले, घरी महिन्याचा किराणा कितीचा येतो? दोन-तीनच हात वर झाले. दहा वर्षांवरील मुलास टपाल कचेरीत स्वतःच्या नावे बचत खाते काढता येते. व्याज ज्यांना नको, त्यांनी निदान घरखर्चाची वही मुलाच्या हाती द्यावी. येत्या पहिल्या तारखेपासूनच द्या.